मे महिन्यात चांद्याला

मे महिन्यात आम्ही चंद्रपूरला जाणार असे सांगताच चाळीतल्या शेजाऱ्यांनी आम्हाला वेड्यात काढले. लोक मे महिन्यात महाबळेश्वरला जातात, कोकणात जातात, निदान गावी नदीकाठी तरी जातात. आणि हे निघाले भट्टीत! पण मावशीच्या मुलाचे लग्न. आईच्या पश्चात मावशीनेच आम्हाला आईची माया दिली. तिच्या घरचे पहिले कार्य आणि आम्ही उन्हाला घाबरून घरी बसायचे, हे शक्यच नव्हते. मुलांच्या शाळेला सुटी होती. आम्ही दोघे, दोन मुले आणि सत्तरी ओलांडलेले थोरले मामा असे पाच जण रेल्वेने निघालो.

वर्ध्याहून गाडी बल्लारशाच्या मार्गाला लागली, तेव्हा सकाळ होती. हिंगणघाट गेले, वरोरा गेले. खिडकीची सळई हाताला चटका देऊ लागली. मामा मात्र खुशीत होते. ते म्हणाले, "उगाच बाऊ करता रे. मुंबईत अंगाला सदरा चिकटतो. इथे बघा, घामच येत नाही!"

स्टेशनवरून घरी पोचताच मामांनी हेच वाक्य मावशीला ऐकवले. मावशीने आधी सगळ्यांच्या हातात पाण्याचे तांबे दिले, मग म्हणाली, "दादा, घाम येते. पण इथचं ऊन तो पिऊन टाकते. दिसत नाही म्हणून येत नाही, असं नोका समजू."

या एका वाक्याचा अर्थ आम्हाला पुढे चार दिवसांनी कळला. तो वाचकांना आधीच कळावा, म्हणून हा लेख.

ऊन इतके का?

चंद्रपूर म्हणजे जुने चांदा. गोंड राजांची राजधानी. इरई आणि झरपट या नद्यांच्या संगमावर वसलेले, चारही बाजूंनी दगडी परकोट असलेले शहर. समुद्र शेकडो मैल दूर, त्यामुळे खारे वारे नाहीत. उंची फारशी नाही. एप्रिल-मे महिन्यांत वायव्येकडून कोरडे, तापलेले वारे येतात. त्यात भर कोळशाच्या खुल्या खाणींची, आसपासच्या सिमेंट कारखान्यांची, २९२० मेगावॅटच्या महाऔष्णिक वीज केंद्राची आणि शहरभर झालेल्या सिमेंटच्या रस्त्यांची. दिवसभर तापलेला दगड आणि सिमेंट रात्रीही ऊब सोडत राहतात.

२०१९ च्या मे अखेरीस इथला पारा ४८ अंशांच्या घरात गेला होता. एप्रिल २०२५ मध्ये एके दिवशी ४५.८ अंश झाले, तेव्हा देशातल्या सर्वांत तापलेल्या शहरांत चंद्रपूरचे नाव वर्तमानपत्रांत झळकले. तुलनेसाठी सांगतो. युरोप खंडातले आजवरचे अधिकृत सर्वोच्च तापमान ४८.८ अंश आहे. ते ११ ऑगस्ट २०२१ रोजी इटलीच्या सिसिली बेटावर नोंदले गेले आणि जगभर त्याची बातमी झाली. आमच्या मावशीच्या मोहल्ल्यात त्या तोडीचे ऊन अंगावर घेऊन बायका नळावर रांग लावतात. त्याची बातमी कोण करणार?

मुंबईच्या आणि चांद्याच्या उन्हात एक मोठा फरक आहे. मुंबईच्या हवेत ओल असते, म्हणून घाम अंगावर राहतो आणि आपल्याला दिसतो. चांद्याची हवा कोरडी. घाम येताच वाळतो. अंगातले पाणी आणि मीठ तर जात असते, पण कपडा कोरडाच. तहान लागेपर्यंत शरीर मागे पडलेले असते. शिवाय नव्या उन्हाची सवय व्हायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात. म्हणून पाहुण्याला पहिले काही दिवस सर्वांत धोक्याचे.

मावशीचा दिवस

मावशीने आमचा दिवसच बदलून टाकला. पहाटे साडेचारला उठवायचे. बाहेरचे जे काही असेल ते साडेनऊच्या आत आटोपायचे. अकरा ते पाच दार बंद. पुन्हा संध्याकाळी बाहेर.

त्या सकाळच्या चार-पाच तासांत आम्ही बरेच चांदा पाहिले. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर ही परकोटाची चार दारे पाहिली. रामाळा तलावावर फिरलो. आणि पहिल्याच पहाटे दीक्षाभूमीवर जाऊन वंदना घेतली. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरचा सोहळा झाल्यावर १६ ऑक्टोबरला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर चांद्याला आले आणि लाखोंना धम्मदीक्षा दिली. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे हे याच शहराचे सुपुत्र. त्या सोहळ्यामागे त्यांचे परिश्रम होते. मावशीची आई त्या गर्दीत तिला कडेवर घेऊन उभी होती, हे मावशी आजही सांगते, तेव्हा तिचा आवाज बदलतो.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने भद्रावतीला गेलो. पंचवीसेक किलोमीटरचा रस्ता. तिथे विजासनच्या टेकडीत बौद्ध लेणी आहेत. डोंगरात सरळ शिरणारी एक लांब वाट आणि तिला दोन्ही हातांना फुटलेल्या दोन वाटा. तिन्हींच्या टोकाला कोरलेली बुद्धमूर्ती. बाहेर सकाळी आठलाच ऊन टोचत होते. आत पाऊल टाकले आणि अंगावरून गारवा फिरला. आमच्या मुलीने भिंतीला गाल लावला आणि म्हणाली, "बाबा, इथे कुलर कोणी लावला?" ज्यांनी ती लेणी खोदली, त्यांनाही हा प्रदेश आणि हे ऊन माहीत असणारच. डोंगराच्या पोटात उष्णता सहजी शिरत नाही.

दुपार घरात. मावशीचे मागचे जुने घर कवेलूचे, पुढची नवी खोली टिनाची. दुपारी सगळे कवेलूखाली. टिनाखाली बसले तर डोके फुटेल. खिडकीत कुलर. कोरड्या हवेत कुलर उत्तम चालतो, कारण पाणी भराभर वाळते आणि वाळताना हवा गार करते. मात्र एक खिडकी उघडी ठेवावी लागते, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा साचतो. कुलरमध्ये पाणी भरताना आधी बटण बंद करून प्लग काढायचा, हा मावशीचा कडक नियम. ओल्या हाताने कुलरला हात लावून दगावलेल्यांच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात.

जेवणात ज्वारीची आंबील, ताक, कैरीचे पन्हे आणि कांदा. खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, असे पुष्कळ लोक मानतात. आपण तथागतांचे अनुयायी, करून पाहिल्याशिवाय मानू नये. खिशातला कांदा काही करत नाही. ताटातला कांदा, ताक, मीठ आणि पाणी उपयोगी पडते.

बिनसावलीची दुपार

लग्न २० मे रोजी होते. पत्रिकेवर छापले होते, 'मंगल परिणय दुपारी १२ वाजून १५ मिनिटांनी'.

त्या दिवसाबद्दल एक गंमत सांगण्यासारखी आहे. चंद्रपूर उत्तर गोलार्धात जवळपास २० अंशांवर आहे. सूर्य उत्तरेकडे सरकता सरकता २० मेच्या आसपास या शहराच्या बरोबर डोक्यावर येतो. त्या दिवशी दुपारी बारा वाजून नऊ-दहा मिनिटांनी सरळ उभ्या काठीची सावली दिसेनाशी होते. आमच्या मुलाने मंडपाबाहेर पाण्याची बाटली उभी करून हे पाहिले आणि टाळ्या पिटल्या. त्याला गंमत वाटली. आमच्या ध्यानात मात्र नंतर आले, की वर्षभरात ज्या क्षणी सूर्य अगदी माथ्यावर असतो, नेमक्या त्या क्षणाला आम्ही चारशे माणसांना कापडी मंडपात बोलावले होते.

वरात साडेअकराला निघाली. भीमगीते सुरू होती. मामांना राहवले नाही. गिरणीच्या साच्यांवर पंचवीस वर्षे काढलेला माणूस. "साचेखात्यापुढे हे ऊन काय" म्हणत ते नाचले. सकाळपासून एक कप चहावर होते. मंडपात आले, खुर्चीवर बसले आणि बुद्धवंदना सुरू असतानाच काहीतरी असंबद्ध बोलू लागले. आम्हाला त्यांनी ओळखलेच नाही. हात लावला तर अंग तापलेल्या तव्यासारखे आणि अगदी कोरडे.

भोवती गर्दी झाली. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी तोंडात पाणी ओतू लागले, कोणी तापाची गोळी शोधू लागले. तेवढ्यात मोहल्ल्यातली एक आशा सेविका पुढे आली. तिने सगळ्यांना बाजूला सारले. "पाणी तोंडात नोका ओतू, शुद्धीवर नाहीत ते. अंगावर ओता!" मामांना ओढत कुलरसमोर नेले. सदरा काढला. माठाचे, टाकीचे, हाती लागेल ते पाणी अंगावर ओतले. जेवणावळीतला बर्फ फडक्यात बांधून मानेला, काखेत आणि जांघेत ठेवला. दोघांनी चादरीने वारा घातला. तिसऱ्याने १०८ ला फोन लावला. गाडी येईपर्यंत हे चालूच होते.

मामा वाचले. तीन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टर म्हणाले, गाडीची वाट पाहत नुसते बसला असता तर सांगता आले नसते.

हे घरातल्या सर्वांनी पाठ करावे

चक्कर येणे, डोके दुखणे, मळमळणे, पायात गोळे येणे, खूप थकवा वाटणे ही पहिली खूण. अशा माणसाला सावलीत आडवे करावे, कपडे सैल करावेत आणि तो शुद्धीवर असेल तर मीठ-साखरेचे पाणी घोट घोट द्यावे. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. ओआरएसची पुडी मिळाली तर उत्तमच.

माणूस असंबद्ध बोलू लागला, शुद्ध हरपली, झटके आले आणि अंग फार तापलेले असेल, तर तो उष्माघात. त्यात जीव जाऊ शकतो. आधी अंग गार करायचे आणि त्याच वेळी १०८ ला फोन करायचा. तापाची गोळी यात उपयोगी नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये. म्हातारी माणसे, तान्ही मुले, गरोदर बाया, रक्तदाब-मधुमेहाचे रोगी आणि दारू घेतलेला माणूस यांना धोका जास्त.

आपल्याला मुहूर्त कशाला?

रात्री अंगणात बाजा टाकल्या होत्या. झोप कोणालाच येत नव्हती. मावशीचे यजमान म्हणाले, "वेळ आमची चुकली. लोक मे महिन्यात भर दुपारी करतात, आम्हीही केलं."

आम्ही विचारले, "काका, आपल्यात मुहूर्त नाही. मग सव्वाबाराच का?"

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "सभागृहाचं भाडं संध्याकाळचं जास्त होतं, बाबू. दुपारचं परवडलं."

हे उत्तर खरे होते आणि त्याला हसण्यासारखे काही नव्हते. कष्टकऱ्याच्या घरात प्रत्येक गोष्टीला पैशाचा हिशेब असतो. पण मावशी उठून बसली. "विहारात सकाळी सात वाजता का नाही झालं? भाडं किती लागलं असतं? लोकांना चहा-पोहे दिले असते, दहाच्या आत सगळे आपापल्या घरी." काकांकडे उत्तर नव्हते. आमच्याकडेही नव्हते.

वाचकहो, बाबासाहेबांनी आपल्याला पंचांगाच्या बेडीतून सोडवले. आपल्या मंगल परिणयाला त्रिशरण, पंचशील आणि दोघांची प्रतिज्ञा लागते, ग्रहांची परवानगी लागत नाही. म्हणजे वेळ ठरवण्याचे स्वातंत्र्य आपल्याकडे पूर्ण आहे. ते असताना आपण मुहूर्तवाल्यांच्या रीतीने दुपार धरायची, हा केवळ सवयीचा जुलूम झाला. लग्न असो, नामकरण असो, पुण्यानुमोदन असो, विदर्भात एप्रिल-मे महिन्यांतले कार्य सकाळी नऊच्या आत किंवा सूर्य कलल्यावर ठेवावे. मंडपाच्या दारात आधी पाण्याचे माठ, मग स्वागताची कमान. ज्या समाजाला पाण्यासाठी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर जावे लागले, त्याच्या दारातून कोणी तहानलेला परत जाऊ नये.

ज्यांची वेळ त्यांच्या हाती नाही

मामा दवाखान्यातून सुटल्यावर आम्ही एका दिवसासाठी गडचिरोली जिल्ह्यात मावशीच्या नणंदेकडे गेलो. हा जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झाला. मूल सोडले की पुढे जंगल दाटते आणि हवेतला फरक कळतो. ऊन तेच, पण झाडाखालची जमीन सिमेंटसारखी तापत नाही.

मे महिना म्हणजे तिथे तेंदूपत्त्याचा हंगाम. आत्याबाईंचे सारे घर पहाटे चारलाच जंगलात गेले होते. दहा-साडेदहाला डोक्यावर गाठोडी घेऊन परतले. दुपारभर पडवीच्या सावलीत पाने मोजून पुडे बांधणे. सत्तर पानांचा एक पुडा. ऊन उतरल्यावर ते संकलन केंद्रावर नेऊन द्यायचे. तोडणी पहाटे, बांधणी सावलीत, विक्री संध्याकाळी. उन्हाशी कसे वागावे याचा याहून चांगला धडा आम्हाला कोणी दिला नव्हता. मात्र त्याच पहाटेच्या अंधारात वाघ आणि अस्वलही फिरत असतात. मोह वेचताना आणि पाने तोडताना माणसे मारली गेल्याच्या घटना या दोन जिल्ह्यांत दर वर्षी घडतात. म्हणून कोणी एकटे जात नाही.

तेंदूवाल्यांना निदान वेळ स्वतः ठरवता येते. मावशीच्या थोरल्या मुलाला ती नाही. तो एका ठेकेदाराकडे कोळशाच्या कामावर आहे. भावाच्या लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी तो दुपारच्या उन्हात कामावर हजर होता. दुपारी थांबलो तर हजेरी कापली जाते, म्हणाला. बांधकामावरच्या, रस्त्यावरच्या, वीटभट्टीवरच्या आपल्या हजारो भाऊ-बहिणींची हीच गोष्ट आहे. "दुपारी बाहेर पडू नका" हा सरकारी सल्ला त्यांनी कुठे ऐकायचा?

हे बदलता येत नाही असे नाही. आपल्याच राज्यात विदर्भातल्या शाळा उन्हामुळे इतर भागांपेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. मुलांसाठी वेळ बदलता येते, तर मजुरांसाठी का नाही? संयुक्त अरब अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर या काळात उघड्यावरचे काम दुपारी साडेबारा ते तीन बंद ठेवण्याचा नियम आहे. आपल्या वस्त्यांतून आखातात गेलेल्या कामगारांना तो माहीत आहे. ग्रीसमध्ये २०२३ च्या जुलैमध्ये उष्णतेच्या लाटेत भर दुपारची बाहेरची कामे थांबवायला सरकारने भाग पाडले आणि अथेन्सचे जगप्रसिद्ध ॲक्रोपोलिस दुपारी पर्यटकांना बंद ठेवले. अहमदाबादेत २०१० च्या मे महिन्यात उष्णतेने हाहाकार झाला. त्यातून धडा घेऊन तिथल्या महापालिकेने २०१३ मध्ये उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा केला आणि मग इतर शहरांनी तो उचलला.

कामाची वेळ हा हक्काचा प्रश्न आहे, हे आपल्याला नव्याने शिकवायला नको. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. १९४३ च्या डिसेंबरात ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले आणि कामगार कसा राबतो ते डोळ्यांनी पाहिले. कारखान्यातला कामाचा आठवडा ४८ तासांवर आणणारा कायदा १९४६ मध्ये झाला, त्यामागेही त्यांचे काम होते. तासांची मर्यादा मिळाली. आता उन्हाची मर्यादा मागायची आहे. दुपारी बारा ते चार काम बंद, पहाटे सुरुवात, पूर्ण हजेरी आणि कामाच्या जागी सावली व पाणी. युनियनच्या सभेत, ग्रामसभेत, महापालिकेच्या दारात ही मागणी आपल्यालाच मांडावी लागेल.

आम्ही परत निघालो ती पहाटेची गाडी धरून. मामा खिडकीशी बसले होते, गळ्यात मावशीने दिलेला ओला दुपट्टा आणि मांडीवर पाण्याची बाटली. वर्धा येईपर्यंत त्यांनी ती दोनदा रिकामी केली. कोणी सांगितले नव्हते.

परवा मावशीचा फोन आला. धाकट्या मुलीचे ठरले आहे, याही वेळी मे महिन्यातच, कारण मुलाची सुटी तेव्हाच. आम्ही काही बोलायच्या आतच ती म्हणाली, "पत्रिका छापून आली. विहारात आहे. सकाळी सात वाजता. आदल्या दिवशीच या."

आम्ही जाणार आहोत. मामांनी तर आतापासूनच रेल्वेच्या तिकिटाचे विचारायला सुरुवात केली आहे.